डेव्हिएशनखाली मंजूर

फोन आला तेव्हा मी गवळीमाथ्याच्या शेडमध्ये
बुश मोजत होते, सत्ताविसावा.
"शेलार मॅडम ना? मी थिटे बोलतेय, ओळखलंत?"
ओळखलं.
श्रावणात याच नावानं दोन ओळी आल्या होत्या:
आपला अनुभव उत्तम आहे, तथापि.
तथापिच्या पुढचं मी
भोसरीहून निघालेल्या बसमध्ये उभ्यानं वाचलं
आणि दापोडीला उतरायचं विसरून
थेट वाकडेवाडीला गेले.

आता दिवाळीही होऊन गेली.
निवडलेला मुलगा म्हणे अकराव्या दिवशी
चाकणला गेला, जास्त पगारावर.
"आम्ही तुमचा पुनर्विचार केलाय."
आवाजात पेढ्यांचा बॉक्स होता.
उद्या कळवते, म्हटलं.
हो तोंडात आलंच होतं. गिळलं.

रिजेक्ट मालाचं मला सगळं ठाऊक आहे.
लाल ठिपका, लाल क्रेट, भिंतीकडे तोंड.
आणि महिनाअखेरीला
लाइन थांबायची वेळ येते,
ट्रक दारात, ड्रायव्हर बिडी विझवतोय,
तेव्हा वरून कोणीतरी उतरतं
आणि म्हणतं, तो लाल क्रेट बघा जरा.
बघतात.
पीस तोच. मायक्रॉनभरही हललेला नसतो.
हललेली असते ती गरज.
मग कागद निघतो: डेव्हिएशनखाली मंजूर.
थिनरनं ठिपका पुसतात.
पुसला तरी बोट फिरवलं की लागतो.

मला पहिला मायक्रोमीटर दिला मुजावरचाचांनी.
म्हणायचे, काही मोजायच्या आधी
जबडे रिकामे मिटव. शून्य शून्यावर आहे का बघ.
नाहीतर दिवसभर मालाला शिव्या देशील
आणि खोट तुझ्याच हातात असेल.

रात्री भांडी झाल्यावर मी जबडे मिटवले.
राग होता, प्लस बाजूला.
साडेनऊ हजार घरभाडं, मायनस बाजूला.
कुंदा म्हणाली, अडलेत ते, आत्ताच ताणून घे.
भाऊ म्हणाला, नाही म्हटलेल्या दारात परत जाऊ नये.
दोघांपैकी कोणीही
माझी पगाराची स्लिप पाहिलेली नाही.

सकाळी लिहायला बसले.
पहिल्या मसुद्यात 'आभारी आहे' तीनदा.
दुसऱ्यात एकदाही नाही;
तो मी शेजारच्या मिक्सरच्या आवाजात
मोठ्यानं वाचला आणि पुसून टाकला.
बरं वाटलं.
तिसरा असा:

थिटे मॅडम,
मी येऊ शकते. एक तारखेपासून,
इथे हातात घेतलेले चारशे बुश संपवून.
पगार त्या मुलाला ठरला होता तोच.
आणि एक विनंती.
डेव्हिएशनच्या कागदावर एक रकाना असतो,
मूळ दोष काय होता.
माझ्या बाबतीत तेवढा भरून पाठवाल का?
भांडायला नको आहे. मला माझं माप हवंय.
वय असेल तर वय लिहा.
वडिलांच्या अंथरुणापाशी गेलेली
मधली चार वर्षं असतील, तर ती लिहा.
आणि दोष काहीच नव्हता असं असेल,
तर तेही लिहा.
वाचायला तेच सगळ्यात जड जाईल,
पण लिहा.

शेवटी 'कळावे' टाकलं.
बोटं सवयीनं पुढे धावली, लोभ असावा,
ते दोन शब्द मी मागे घेतले.
लोभाचं नंतर बघू.

मग शेडवर गेले, अठ्ठाविसावा उचलला.
आदल्या दिवशीचा सत्ताविसावा
किती भरला होता, काही केल्या आठवेना.
तो परत मोजला.