दहा इंच

भिंतीपासून बोल्टापर्यंत दहा इंच.
मी दोनदा मोजलं, डेस्मंडनं एकदा,
मग इल्मोनं, शाळेच्या पट्टीनं.
त्याचे साडेदहा भरले,
कारण पट्टीचं टोक कुत्र्यानं खाल्लंय.

दुकानात मात्र सगळे बारा इंचांचे.
थंडर बेच्या बाहेर, हायवेलगतच्या त्या गोदामात
ओळीनं मांडलेले पांढरे कमोड,
दंतवैद्याकडे नंबराची वाट बघत बसल्यासारखे,
तोंडं मिटून.

गोल की लांबट? ग्रेडी नावाचा पोरगा विचारतो.
पाणी चार लिटर की सहा?
झाकण आपटणारं की हळू मिटणारं?
त्याला कसं सांगू,
आमची न्हाणी इतकी टीचभर
की आत शिरल्यावर विचार बदलला
तर उलट्या पावली बाहेर यावं लागतं.
दार आत उघडतं. बेसिन कोपराला लागतं.
आणि घरात माणसं चार.

जुना गुलाबी आहे.
सामन माशाच्या पोटासारखा गुलाबी.
टाकीच्या झाकणाखाली ठसा आहे, ऑगस्ट १९६७.
कागदाच्या गिरणीतला बाबांचा पहिला बोनस
आईनं यात घातला.
पडदे नंतर, ती म्हणाली होती म्हणे,
आधी हे.
आता टाकीला केसाएवढी भेग.
रात्रभर ती आपल्याशीच पुटपुटत असते
आणि सकाळी खालचा टॉवेल मी पिळते.
गुलाबी आता येत नाही, ग्रेडी म्हणाला.
हाडाच्या रंगाचा येतो.
नको, बाबा म्हणाले.
दुकानात शिरल्यापासूनचा त्यांचा पहिला शब्द.

मग त्यांनी टोपी काढली,
कोट मात्र अंगातच,
आणि पहिल्यावर बसले.
उठताना माझा खांदा धरला.
दुसऱ्यावर बसले. खांदा.
तिसऱ्यावर डोळे मिटून जरा जास्त वेळ.
ट्रॉलीवाली एक बाई
अचानक छतावरचे दिवे निरखू लागली.
इल्मो दुकानभर ओरडला, आजोबा, खरंच नका हं!
चौथा. पाचवा. खांदा. खांदा.

सहाव्यावरून ते उठले
आणि माझा खांदा रिकामाच राहिला.

काही बोलले नाहीत.
बसमध्ये जागा धरावी
तशी टोपी फक्त झाकणावर ठेवली
आणि खिळ्यांच्या रांगेकडे चालू लागले.

सतरा इंच उंच. लांबट. अर्थात बारा इंचांचा.
दहाचा मागवावा लागेल,
पाच आठवडे, नव्वद डॉलर वर.
मी कार्ड काढलं.
ग्रेडी म्हणाला, एकदा दार बघून घ्या.
दार मला पाठ होतं.
दोन इंचांनी अडणार होतं.

पाच आठवडे टॉवेल पिळला.
मग एका शनिवारी
डेस्मंडनं बिजागऱ्या काढल्या.
दार आता बोळात उघडेल,
गुडघ्यांना जागा होईल, मी बाबांना सांगितलं,
जरा जास्तच मोकळ्या आवाजात.
त्यांनी चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
आणि मी आत पडलो
तर तुम्हाला दार उघडता येईल.
डेस्मंडचा स्क्रू घरंगळत बेसिनखाली गेला.
कुणीच वाकलं नाही.
बाबाच म्हणाले, बरोबर केलंत.
आणि दार खालून दोन्ही तळव्यांवर तोलून धरलं,
सगळे स्क्रू बसेपर्यंत,
हात थरथरत असूनही.

गुलाबी झाकण आम्ही टाकलं नाही.
मागच्या अंगणात, रुबार्बच्या वाफ्याशी आहे.
ठसा वर करून ठेवलंय.
पावसाचं पाणी त्यावर साचतं, चिमण्या येतात.

रविवारी इल्मो नव्यावर बसला.
आई, तो आतून ओरडला,
माझे पाय हवेत!
दाराला कान लावून ऐकलं तर
टाचा बुडाशी आपटतायत, टक, टक.
याला आता स्टूल हवं.
बेसिन आणि कमोडच्या मधे.

मोजपट्टी अजून माझ्या खिशातच होती.