कडी

पणजीच्या जेटीवर पहाटे साडेचार.
कॅसिनोची बोट माणसं आणून ओतते.
त्यांत सगुण नाही.

गोंयकाराला आत मनाई;
माझा भाऊ सावंतवाडीचा पत्ता दाखवतो.

महिनाभर मी बाहेरून कडी घालत होते.
वेळेवर जेवायचा, देवाला फूल वाहायचा,
नावाला जागला होता
कपाटातल्या पितळी भांड्यासारखा.

मग ते पुस्तक वाचलं.
एका जुगारी रशियन कादंबरीकारावर
कुणा तत्त्वज्ञानं लिहिलेलं.
म्हणे, लादलेलं चांगुलपण चांगलं उरत नाही;
बुडायची मुभा असेल
तरच काठ आपला.

लिहायला काय जातं त्याचं!
त्याला भाऊ होता की नाही, पुस्तकात नाही.

तरी काल कडी मीच काढली.

दुसरी बोट सुटलीय.
मी खाली बघत उभी,
उतरणाऱ्या पायांत
त्याच्या चपला शोधत.