कणकुंबीच्या वर, दोन रात्री

बँकेनं दिलंय, मी म्हटलं, फुकट.
आईनं माझ्याकडं बघितलं,
पिशवीत चटणीचा डबा सरळ केला
आणि गप्प बसली.

जांबोटी मागं पडली तशी फोनची रेंज गेली.
ईशू चिडली. अप्पा खुशीत आले.
"हिकडं सायकलनं यायचो गे आम्ही,
मी आणि बसवण्णी, पगाराच्या रविवारी,
फणस आणायला."
ते कानात भट्टी घेऊन फिरणारे,
अजून मोठ्यानं बोलतात;
सगळ्या घाटानं ऐकलं.

गेटावरच्या पाटीवर मराठी नव्हती.
पण बग्गी चालवणारा सातेरी
"सावकाश चढा ओ मामा" म्हणाला,
पलीकडची मुलगी "बन्नी, बन्नी" म्हणाली,
अप्पांनी दोघांना दोन भाषांत
जेवलात काय विचारलं.
त्यांच्याकडं पाहुण्यांना असं कोण विचारत नसावं.
मुलगी लाजून हसली, कोकमाचे ग्लास पुढं केले.

खोलीत काचेची भिंत, भिंतीपलीकडं दरी,
दरीत धुकं,
आणि आई न्हाणीघरात
त्यांचे पांढरे टॉवेल पुन्हा घडी घालत,
वापरायला जीव होईना म्हणून.
चहाच्या पुड्या तिनं मोजल्या: आठ.
दोन ठेवल्या. सहा पदरात.

पोहायच्या तलावाला एका बाजूनं काठच नव्हता.
पाणी सरळ आभाळात.
"सांडत नाही काय?" आईनं विचारलं.
मी म्हटलं, सांडतं, खाली साठतं, पंपानं परत वर येतं.
"म्हणजे तेच पाणी," ती म्हणाली,
आणि लुगडं पोटरीपर्यंत धरून
तासभर पाय सोडून बसली.
तिचे पाय मी पहिल्यांदाच
नुसते, काही न करता असलेले बघितले.

दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा अंथरुणात नव्हते.

धुक्यात मी हाका मारत पळाले.
अप्पांना हाक ऐकू जात नाही
हे माहीत असून मारत राहिले.
टोकावर, कठड्याच्या अलीकडं,
लोखंडी बाकाखाली
त्यांचे दोन पाय दिसले.
काळीज थांबलं.
मग पाय हलले. आतून आवाज:
"बॅटरी मार गे हिकडं."

हॉटेलचा पांढरा झगा घालून, उताणे,
चष्मा कपाळावर,
बाकाच्या पोटावरनं बोट फिरवत होते.
"सांधा बघ. आमची वाळू. उद्यमबागेची.
नक्षीत बुडबुडा नाही एक."

मग माझं बोट धरून
अंधारातल्या एका जागी टेकवलं.
लोखंडात एक उंचवटा. चिंचोक्याएवढा.
"साच्याच्या वाळूत अंगठा दाबायचा,
मालकाला दिसणार नाही अशा जागी.
ओतलं की असा उठतो."

तुमचा? मी विचारलं.
त्यांनी आपला अंगठा त्यावर ठेवला,
फिरवला, पुन्हा ठेवला.
बराच वेळ.
"नव्हे. डावीकडं कललाय.
बसवण्णी डावखुरा होता."

बाहेर आले, गुडघे झाडले,
बाकाच्या एका कडेला बसले,
उरलेली जागा मोकळी सोडून.
मी उभीच राहिले.
खाली दरीत कुठंतरी धनेश ओरडला,
तो तेवढा त्यांना ऐकू गेला असावा,
कारण मान त्यांनी तिकडं वळवली.

निघताना काउंटरवर बिल आलं.
मी पटकन पर्समध्ये कोंबलं,
पण अप्पा आकडे उलटे ठेवले तरी वाचतात;
साच्यातली अक्षरं उलटीच असतात
चाळीस वर्षं.

खानापूरच्या फाटकाशी गाडी थांबली,
मालगाडी संपता संपेना.
तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले,
मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं:
"बँक चांगली हाय गे तुझी."