छत्तीस पिंपं

कणकवलीच्या दवाखान्यात
डाव्या कुशीवर झोपवलं मला,
बरगडीला थंडगार जेली लावली
आणि पडद्यावर दिसलं,
माझ्याच आत एक शिवली
उघडते, मिटते,
उघडते, मिटते.
वाळूतून अजून कुणी उपटून काढली नाही तिला,
एवढंच.

डॉक्टरीण वयाने माझ्या धाकटीएवढी.
म्हणाली, तारीकाका,
चांगलं हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलतं,
तुमचं ढकलतंय साडेतीन.
पुढेही बरंच बोलली,
मीठ, गोळ्या, पायांची सूज.
मी पाच लिटरपाशीच थांबलेला.

कारण पाच लिटर म्हणजे काय ते मला कळतं.
चाळीस वर्षं देवगड बंदरात पंप दुरुस्त करतोय.
होडीच्या तळात साचतं ते पाणी,
मासळीचं रक्त, सांडलेलं डिझेल, वितळलेला बर्फ,
ते बाहेर फेकणारे पंप.
वॉशर गेला, इंपेलर झिजला,
फूट व्हॉल्वमध्ये जाळ्याचा दोरा अडकला,
की पहिली हाक मला.

एसटीत बसल्यावर
फाईलच्या पाठीवर हिशेब मांडला.
मिनिटाला पाच, तासाला तीनशे,
दिवसाला सात हजार दोनशे.
दोनशेचं पिंप धरलं
तर छत्तीस.
छत्तीस पिंपं!
धक्क्यावर ओळीने लावली
तर बर्फाच्या कारखान्यापासून लिलावाच्या शेडीपर्यंत जातील.

आणि ही रोजची.
झोपेत, तापात,
गणपतीच्या पाच दिवसांत,
आईला पोचवून आलो त्या रात्रीसुद्धा.
एका ठोक्याला जेमतेम एक कटिंग चहा,
तरी पोरवयातला उपसा कमी धरून
एकोणसाठ वर्षांत सहा-सात लाख पिंपं,
आणि एकदाही
नट सैल करून आत बघितलेलं नाही.
असा पंप मी दुसऱ्याच्या होडीत पाहिला असता
तर नमस्कार केला असता.

शिरगाव मागे पडलं तेव्हा माझा आकडा निघाला:
पंचवीस.
जामसंडे आलं तरी
उरलेली अकरा पिंपं कुठे गेली ते कळेना.
गळती नाही.
विचारलं होतं मी तिला, कुठे लीक आहे का म्हणून.
हसली नाही ती.
बरं केलं.

फैयाज माझ्या हाताखालचा पोरगा.
साखळीवर इंजिन आता तोच चढवतो,
मी नुसतं “वायच डावीकडे” म्हणतो.
त्याला हिशेब सांगितला, तर स्पॅनर पुसत म्हणाला,
“काका, अंगात रगत किती आसता?”
“पाच लिटर.”
“मगे छत्तीस पिंपां खयसून इली?”
ऑइलचा रिकामा कॅन होता, तो उचलून दाखवला.
“ह्योच कॅन. फिरान फिरान.”
“म्हणजे भायर फेकणा नाय? परत तळातच सोडता?”
“तळातच.”
“मगे तो पंप पयल्यापासून बिघडलेलोच, काका.”

इतका हसलो
की हसता हसता
नायलॉनच्या दोराच्या वेटोळ्यावर बसावं लागलं,
आणि तो पोरगा एकदम गप्प झाला.

बंदरावरून घरापर्यंत
जांभ्याच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या.
सिलिंडर हेड खांद्यावर टाकून चढलोय मी ह्या,
विडी विझू न देता.
आता एकेचाळिसाव्या पायरीवर
पंचवीसच्या पंचवीस संपतात.
समोर खाडी, पलीकडे पवनचक्क्या,
मी त्यांच्याकडे बघत असल्यासारखा उभा राहतो.
त्याही कधी कधी
वारा असून थांबलेल्या असतात.

हेमलता मागून येत असते, टोपलीत चार बांगडे.
मी थांबलो की तीही थांबते,
दोन पायऱ्या खाली,
आणि वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसते.
अंगठा तुटलेला नसतो.
माझा श्वास जागेवर आला
की नेमका तेव्हाच नीट होतो.

काल ती अनवाणी होती.
तरी वाकली.