दोन थाऊ

इनास मेस्त कागद आधी ऐकतो.
कानापाशी धरून एक कोपरा हलवतो.
खडखडला की बाजूला:
"माती आहे यात. नळी घासेल."
मग जिभेच्या टोकाला लावतो,
मग मायक्रोमीटरच्या जबड्यात अलगद.
खाण बंद झाली तेव्हा
वर्कशॉपमधून त्याने एवढंच घरी आणलं.

सांग्याच्या उतारावर पत्र्याचं दुकान.
लेथवर काजूची पोती, कोनाड्यात सांत आंतोन,
आणि टेबलावर मी गोळा केलेले कागद:
पतंगाचा, शिंप्याच्या बेतणीचा,
कोणाच्या तरी लग्नपत्रिकेतला झिरझिरीत,
धाकट्याच्या वहीची दोन पानं.
"वहीचं नको. ते लाकूड.
भिजलं की मेलं.
मला चिंधीचा पाहिजे, गोकुळा. कापसाचा.
ओला असताना ताणला तर चिडणार नाही
आणि सुकताना आवळत जाईल,
पावसात भिजलेल्या वहाणेसारखा."

किती जाड?
"दोन थाऊ. केसापेक्षा कमी."
कोणाच्या केसापेक्षा, ते सांगितलं नाही.

बंदूक बाबांची, परवाना आता माझ्या नावावर.
दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायची,
पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची.
कुळागरात उतरणाऱ्या डुकरांना नुसता आवाज पुरतो.
हे मला माहीत आहे, इनासलाही.
तरी शिशात कथील किती यावर
आम्ही दोन रविवार भांडलो.

कागद सापडला तो पत्र्याच्या पेटीत,
बाबांच्या पावत्यांच्या खाली.
पोर्तुगीज शिक्क्याचे अकरा ताव.
आजोबांचा अर्ज:
डोंगराचा एक तुकडा कसायला मिळावा.
दरवर्षी नवा शिक्का, नवे पैसे,
कारकुनाचं तेच वळणदार अक्षर,
आणि तळाशी जांभळ्या शाईत
म्हाळू वेळीप याचा अंगठा.
हे सगळे परत कसे आले,
की गेलेच नव्हते,
सांगायला आता कोणी नाही.

इनासने एक ताव ऐकला.
काहीच वाजलं नाही.
जिभेला लावला, डोळे मिटले.
मायक्रोमीटर फिरवला, पुन्हा फिरवला.
"दोन," म्हणाला.
मग अंगठा दिसला तसा कागद खाली ठेवला
आणि काजू भाजायला निघून गेला,
भाजायचे नसताना.

कात्री मीच चालवली.
पट्टी तिरकी कापायची, पाण्यात बुडवायची,
गोळीभोवती दोन वेढे;
टोकांनी एकमेकांना भेटायचं,
पण अंगावर चढायचं नाही.
उरलेली शेपटी बुडाशी पिळायची.
रात्रभर वाळल्या त्या, खिडकीत,
जांभळ्या रेषा पोटाभोवती गुंडाळून.
सकाळी कोकमाचं तूप आणि पोळ्यातलं मेण.

बंद खाणीचा लाल कडा. समोर दुसरं काही नाही.
इनासने कान झाकले, मी झाकले नाहीत.
धूर इतका, की कडाच हरवला थोडा वेळ.

गोळीचं काय झालं ते त्याने पाहिलंही नाही.
तो दहा पावलं पुढे गेला,
कुड्याच्या झुडपात वाकला, वेचू लागला.
कागदाच्या पट्ट्या, नळीतल्या आट्यांनी कापलेल्या,
अरुंद, सरळ.
एक उन्हात धरली:
"कडा स्वच्छ. करपला नाही.
वेळेवर सुटला गोळीपासून."
पट्टीवर अंगठ्याच्या तीन रेषा होत्या,
बाकीचा हात कुठेतरी गवतात.

"असे अजून किती आहेत?"
"दहा," मी म्हणाले.
पट्टी त्याच्याकडून घेतली.
परतताना उताराला लागलो तेव्हा म्हणाले,
"नऊ."