आकस

सिव्हिलमधल्या पोरसवदा नर्सनं
भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी टेकवली,
लिहिलं: पाच फूट साडेचार.
म्हटलं, बाई, परत मोज.
कारखान्याच्या कार्डावर पाच-सहा आहे.
तिनं परत मोजलं. तेवढंच.

दीड इंच. म्हणजे बारा सूत.
थर्ड गेट पडलं होतं, बस उभी,
तेवढ्यात हिशेब केला.
बीड थंड होताना फुटाला एक सूत आकसतं,
पोलाद दोन.
साडेपाच फुटांच्या पोलादाला अकरा सूत.
मी पोलादाहूनही एक सूत जास्त.
शेजारच्या सीटवर कॉलेजची पोर होती,
तिला काय सांगणार.

चौतीस वर्षं उद्यमबागेत पॅटर्न केले,
शिवणीच्या लाकडाचे.
आमची पट्टी वेगळी, तिचा इंच इंचाहून मोठा.
लाकूड मोठं ठेवायचं,
म्हणजे लोखंड निवल्यावर नेमकं येतं.
त्या जास्तीला आम्ही आकस म्हणायचो.
"भरमा, आकस किती सोडलास?"
शाळेतल्या पुस्तकात आकस म्हणजे मनातला दंश,
हे पोरगा सहावीत गेला तेव्हा कळलं.
त्या वर्षी माझ्याकडे दोन्ही होते.

गुरुसिद्धाची वाळू ओली होती.
फ्लायव्हील फुगीर निघालं, बोल आला माझ्या पॅटर्नवर,
पाच दिवसांचा पगार गेला.
तो खाली बघत राहिला, एक शब्द नाही.
मग अकरा वर्षं एकाच शेडमध्ये
मी पॅटर्न त्याच्या पेटीजवळ ठेवायचो
आणि वळायचो.
राग मोठाच कापला होता मी.
वाटलं होतं, निवला की बेताचा होईल.

सगळंच बेताचं होत नाही.
भावाशी भांडण इतकं आटलं
की आता कशावरून ते आठवत नाही.
पोराची काळजी आहे तेवढीच.
आणि मंजुळा जाऊन नऊ वर्षं झाली,
तो साचा मी अजून फोडलेला नाही.
गरम असताना फोडला तर तडा जातो.
हात लावून बघतो अधूनमधून.

तर काल वडगावात गेलो.
बोळात माग चालूच होते, खटाक् खटाक्.
गुरुसिद्धाची सून दारात म्हणाली,
"मामांना आता मराठी कळंना झालंय हो,
पॅरालिसिस झाल्यापासनं. कन्नडात बोला."

माझं कन्नड कारखान्यातलं.
वाळूला उसुकु, आगीला बेंकी,
पुरे झालं तर साकु.
चुकलं म्हणायला, विसरून जा म्हणायला
मला शब्द नाही त्या भाषेत.
शेडमध्ये कधी लागला नाही.

गादीवर तो एवढासा.
ज्या दंडांनी पेटी एकटा उलटवायचा
ते दंड कुठं गेले.
उजव्या हातानं चादर दाबत होता,
कडेकडेनं, मग मध्ये.
मी जवळ बसलो. ओळखलं की नाही, कोण जाणे.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"एष्टु बिट्टि?"

किती सोडलंस.

फ्लायव्हीलचं विचारत होता की नुसतंच,
हे विचारायला पुन्हा शब्द नव्हते.
म्हटलं, "वंद सूत."
चौतीस वर्षांत हेच उत्तर होतं,
आणि त्यावर तो मान हलवून वाळू भरायला घ्यायचा.

काल नाही हलवली.
"साकागल्ल," म्हणाला.
पुरत नाही.
आणि दोन बोटं वर केली, थरथरती,
त्यांच्यामध्ये थोडी फट.
ती फट बघत मी बसून राहिलो.
सुनेनं चहा आणला, निवला, तसाच प्यालो.

निघताना दाराशी वाकलो.
त्या चौकटीला पूर्वी कपाळ लागायचं,
एकदा टाका घातला होता, तोच घेऊन गेला होता सायकलवरून.
वाकलो सवयीनं.
वर अजून बरीच जागा होती.