एकोणतिसावी पायरी

पोरीच्या पायाला भिंगरी.
"यास्ना, बस," मी वर्षभर म्हणत राहिलो.
ती बसायची, आणि बसली की
तळाला भोक पडलेल्या बादलीसारखी
रिकामी होत जायची.
सोडियमच्या पुढे ती कधी गेलीच नाही.
मी शेरा लिहिला : लक्ष नाही.

वालपराइसोत सपाट जमीन थोडी.
आमच्या टेकडीला पायऱ्या किती,
मी कधी मोजल्या नव्हत्या.
जूनमधल्या थंड संध्याकाळी
पावाची पिशवी घेऊन चढत होतो,
तर प्रत्येक पायरीवर खडूचा आकडा.
वरून आवाज आला,
"प्रोफे, सरका. तुम्ही क्लोरीनवर उभे आहात."

सतरावी. तिथे मांजरं मुततात,
नाक दाबूनच ओलांडायची.
अठरावीला वळण, बाक, बाकावर दोन म्हातारे,
ना कुणाच्या अध्यात ना मध्यात :
"आरगॉन," ती हळूच म्हणाली.
सव्विसावीला कठडा सुरू होतो, गंजलेला,
तळवा लाल होईस्तोवर घासत न्यायचा.
कोबाल्ट आणि निकेल एका ढांगेत,
वजनाला जवळजवळ सारखेच म्हणून.

एकोणतिसावीवर आकडा नव्हता.
"इथे लागत नाही," म्हणाली, आणि बसली.
माझ्यासमोर पहिल्यांदाच, कुणी न सांगता.
बाप उत्तरेत, तांब्याच्या खाणीत.
फोनला रेंज इथेच मिळते.

डिसेंबरात परीक्षा. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या.
बाकाखाली तिचे बूट निघाले,
टप, टप, वळणावर थांबले, पुन्हा टप.
पोरं कुरकुरली. पहाऱ्याला मीच होतो.
मी खिडकीशी जाऊन
बंदरातल्या क्रेन मोजत राहिलो,
तरी तिनं नाक मुरडलेलं मला दिसलंच.
मग बूट थांबले.
वळण नसताना.
बराच वेळ.
चढ बाई, मी मनात म्हटलं,
पुढच्याच पायरीवर जस्त आहे.

टप.

खडू केव्हाच पुसला गेला.
तीस वर्षं मी हा तक्ता भिंतीवर टांगला,
छडीनं दाखवला, घोकून घेतला.
आता कठडा लागायच्या आधीच,
पंधरावीला, फॉस्फरसपाशी,
मला धाप लागते.